स्टेटस पाहून शहरातलं हॉटेल निवडावं का? बुकिंगआधी करायचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी कामासाठी एका शहरात चार रात्री राहायचं होतं. ज्या इमारतीत काम होतं तिच्या समोरच्याच गल्लीत एक छोटं, स्वच्छ, कुठल्याही चेनचं नसलेलं हॉटेल होतं. ते सोडून मी सहा किलोमीटरवरच्या चेन हॉटेलात उतरले, कारण त्या चेनच्या सभासद-योजनेतल्या वरच्या स्टेटसला (वर्षात जितक्या जास्त रात्री राहाल तितका वरचा दर्जा आणि जादा सोयी) मला नेमक्या चार रात्री कमी पडत होत्या. रोज जाण्यायेण्यात दीड तास गेला. वरच्या सभासदांसाठीचं लाउंज, म्हणजे चहा-खाण्याची राखीव बैठक, दुरुस्तीसाठी बंद होतं. अपग्रेड मिळालं, म्हणजे हुबेहूब तीच खोली, फक्त तीन मजले वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गंमत म्हणजे त्या चार रात्रींनी मिळवून दिलेलं स्टेटस पुढच्या वर्षी खरंच कामाला आलं. रात्री उशिराच्या विमानाआधी दुपारी चारपर्यंत खोली हातात राहिली, आंघोळ करून, बॅग नीट भरून निघता आलं. त्यामुळे स्टेटस म्हणजे सगळं थोतांड, असं मी म्हणणार नाही. चूक माझ्या क्रमात होती. मी स्टेटसला हॉटेल निवडू दिलं होतं. आता आधी दोन-तीन हॉटेलं निवडते आणि त्यांच्यात अटीतटीचं झालं तरच स्टेटसला मध्ये घेते, तेही आकड्यात मोजून. ते कसं करायचं, ते पुढे सांगते.

आधी एवढं समजून घ्या: खर्च कुणाच्या खिशातून जातो

परत परत येणाऱ्या ग्राहकाला बक्षीस देणाऱ्या या सभासद-योजना जुन्या आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये विमानप्रवासासाठी अ‍ॅडव्हांटेज सुरू केली, 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट हॉटेलांच्या योजना घेऊन आल्या आणि 1987 मध्ये हिल्टन. हेतू तेव्हाही हाच होता: आवळा देऊन कोहळा काढायचा.

पण प्रवाशाला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट वेगळी आहे. दारावर मॅरियट किंवा हिल्टन लिहिलेलं असलं तरी ती इमारत बहुधा त्यांची नसते. मालक दुसराच असतो, तो नाव वापरण्याचे पैसे भरतो आणि सभासदांच्या मुक्कामावर योजनेची वर्गणीही भरतो. गोल्ड, प्लॅटिनम अशा स्टेटसच्या पातळ्यांचं वचन देते चेन. ते वचन पाळण्याचा खर्च, म्हणजे तुमचा फुकट नाश्ता आणि रिकामी ठेवलेली मोठी खोली, येतो बऱ्याच अंशी त्या मालकावर. एकाच चेनच्या दोन हॉटेलांत एकाच कार्डाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे. एक मालक पाहुणा परत यावा म्हणून सढळ हाताने देतो, तर दुसरा नियमात बसेल तेवढंच, आणि तेही मागितल्यावर. थोडक्यात, हिशेब त्या ठरावीक हॉटेलाचा करायचा. चेनच्या जाहिरातीचा नाही.

1. नकाशा उघडा, अ‍ॅप बंद ठेवा

आधी लगीन जागेचं. तुमच्या मुक्कामातली मुख्य ठिकाणं नकाशावर टाका: काम, नातेवाईक, रुग्णालय, संग्रहालय, स्टेशन, जे असेल ते. मग पायी पंधरा मिनिटांत किंवा एका गाडीत, न बदलता पोचता येईल अशा टापूतली सगळी हॉटेलं पाहा. चेनची, बिगरचेनची, सर्व्हिस अपार्टमेंटसुद्धा. या पायरीवर चेनचं अ‍ॅप उघडू नका. ते फक्त स्वतःची हॉटेलं दाखवतं आणि त्या यादीतलं 'सर्वांत जवळचं' प्रत्यक्षात सगळ्यांत जवळचं असेलच असं नाही.

शहरात हा मुद्दा समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टपेक्षा कितीतरी वजनदार असतो. रिसॉर्टमध्ये दिवस हॉटेलातच जातो, त्यामुळे मोठी खोली, लाउंज, नाश्ता यांचा पुरेपूर उपयोग होतो. शहरात तुम्ही सकाळी आठला बाहेर पडता आणि रात्री नऊला परत येता. ज्या खोलीत तुम्ही जागेपणी दोन तास असता तिला बैठकीची खोली जोडलेली असली काय आणि नसली काय!

यादी तीन-चार हॉटेलांवर आली की पुढे जा. तिच्यात तुमच्या चेनचं एकही हॉटेल नसेल तर प्रश्नच मिटला. उरलेल्यांतलं चांगलं ते घ्या आणि स्टेटस विसरा.

2. भाव एकाच मापाने मोजा

प्रत्येक हॉटेलाचा भाव चार गोष्टी सारख्या ठेवून लिहा: सगळे कर धरून, सगळे जादा आकार धरून, रद्द करण्याची मुभा सारखी ठेवून आणि नाश्ता आहे की नाही ते नोंदवून. आगाऊ भरायचा, परत न मिळणारा दर एका बाजूला आणि आदल्या दिवसापर्यंत रद्द होणारा दर दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

जादा आकारांवर खास नजर ठेवा. रिसॉर्ट फी पूर्वी सुट्टीच्या ठिकाणी असायची. आता मोठ्या शहरांतली हॉटेलंही 'डेस्टिनेशन फी' नावाने ती लावतात, अमेरिकेत तर विशेष. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमामुळे मे 2025 पासून असे सक्तीचे आकार पहिल्यापासून एकूण भावात दाखवावे लागतात, पण सगळीकडे तसं नाही. इथे एका स्टेटसचा फायदा ठळक आहे: हयात चेनच्या ग्लोबलिस्ट, म्हणजे सर्वांत वरच्या स्टेटसच्या, सभासदांना ही फी माफ असते. मुक्कामांवर साठवलेले पॉइंट देऊन घेतलेल्या खोलीला तर हयात ती कोणत्याच सभासदाला लावत नाही.

दुसरी काळजी बुकिंगच्या वाटेची. बुकिंग डॉट कॉम किंवा एक्सपीडियासारख्या ठिकाणाहून खोली घेतली तर मोठ्या चेनमध्ये सहसा पॉइंट मिळत नाहीत, रात्री मोजल्या जात नाहीत आणि स्टेटसचे लाभ द्यायला हॉटेल बांधील नसतं. म्हणजे चेन हॉटेलाचा भाव थेट त्यांच्याच साइटवरचा धरायचा, सभासद-दर लावून. बाहेर तीच खोली त्याच अटींवर स्वस्त दिसली तर 'बेस्ट रेट'च्या हमीखाली दावा करता येतो. अटी किचकट असतात, पण खोलीचा प्रकार, तारखा आणि रद्द करण्याचे नियम तंतोतंत जुळत असतील तर पंधरा मिनिटं घालवायला हरकत नाही.

3. प्रत्येक लाभाला या मुक्कामापुरती किंमत द्या

इथे बहुतेक लोक घसरतात. मेनूवरचा नाश्त्याचा भाव पाहून 'एवढे वाचले' म्हणतात. पण तो नाश्ता तुम्ही स्वतःच्या पैशांनी कधी घेतलाच नसता! त्याऐवजी जे कोपऱ्यावर खाल्लं असतं त्याचा खर्च वाचला, आणि तेवढाच धरायचा.

नाश्त्यात आणखी एक मेख आहे. तो कुठल्या स्टेटसला मिळतो हे चेनप्रमाणे बदलतं. मॅरियटच्या गोल्डला मिळत नाही. प्लॅटिनमला बऱ्याच ब्रँडमध्ये मिळतो, पण रिट्झ-कार्लटन आणि एडिशनमध्ये नाही. हिल्टनच्या गोल्डला अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी मिळतो. अमेरिकेत 2021 पासून त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी रोजचं ठरावीक क्रेडिट मिळतं आणि शहरातल्या महागड्या हॉटेलात त्यात अनेकदा पूर्ण नाश्ता बसत नाही. हयातमध्ये ग्लोबलिस्टला, हॉलिडे इनच्या आयएचजी समूहात फक्त सर्वांत वरच्या डायमंडला. आणि हॅम्प्टन किंवा हॉलिडे इन एक्स्प्रेससारख्या ब्रँडमध्ये नाश्ता सगळ्यांनाच मोफत असतो. तिथे तुमच्या स्टेटसच्या नाश्त्याची किंमत शून्य. हे शून्य कागदावर लिहायला मन तयार होत नाही, पण लिहा.

माणसं किती, यावर तर सगळंच फिरतं. एकट्याचा नाश्ता म्हणजे किरकोळ बचत. दोघांचा चार दिवस म्हणजे भावातला बराच फरक भरून निघतो. मुलं असतील तर किती वयापर्यंत आणि किती जणांना, हे त्या हॉटेलाला विचारून घ्या.

लेट चेकआउट माझ्या मते शहरातल्या मुक्कामाचा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत मोलाचा लाभ आहे, पण फक्त शेवटच्या दिवशी गरज असेल तर. मॅरियटच्या प्लॅटिनमपासून पुढे आणि हयातच्या ग्लोबलिस्टला दुपारी चारची वेळ मिळते. रिसॉर्टमध्ये आणि मॅरियटच्या मोठ्या परिषदांसाठीच्या कन्व्हेन्शन हॉटेलांत मात्र ती खोली रिकामी असेल तरच. मॅरियटच्या गोल्डला दोनची वेळ आहे, तीही उपलब्धतेवर. हिल्टनच्या गोल्डला हॉटेल देईल तर. हमी आणि 'बघू' यांतला फरक किंमत लावताना विसरू नका. संध्याकाळी सातचं विमान असेल तर हमीचे चार वाजे म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची खोली. सकाळी नऊची गाडी असेल तर काहीच नाही.

अपग्रेडला मी हिशेबात शून्य धरते. मिळालं तर आनंद आहे. 'उपलब्धतेनुसार' या शब्दात सगळा खेळ आहे. व्यापारी भागातल्या हॉटेलात मंगळवारी-बुधवारी उतरलेल्यांत निम्मे लोक तुमच्यासारखेच कार्डधारी असू शकतात, त्यामुळे रांग लांब. तेच हॉटेल शनिवारी ओस पडतं आणि मोठी खोली सहज हाती लागते. पर्यटकांच्या भागात नेमकं उलटं. त्यात गोल्ड हे आता फार विरळ राहिलेलं नाही. अमेरिकन एक्सप्रेसचं प्लॅटिनम कार्ड अनेक देशांत हिल्टन आणि मॅरियट दोन्हींचं गोल्ड एकही रात्र न राहता देतं. रिसेप्शनवरच्या माणसापुढे सकाळपासून तुमच्यासारखे किती गोल्ड येऊन गेले असतील, याचा अंदाज घ्या.

लाउंज असेल तर आधी तीन गोष्टी तपासा: ते आहे का (एकाच चेनच्या अनेक नव्या, छोट्या ब्रँडमध्ये नसतंच), आठवड्यातले सातही दिवस उघडं असतं का आणि संध्याकाळी जेवण भागेल असं काही ठेवतात का. शनिवार-रविवारी लाउंज बंद ठेवणारी व्यापारी हॉटेलं मी इतकी पाहिली आहेत की आता शनिवारच्या मुक्कामाला हा लाभ विचारल्याशिवाय धरतच नाही.

स्वागताची पाण्याची बाटली, वेगवान वायफाय, वेगळी चेक-इनची रांग: शून्य. वायफाय तर बहुतेक योजनांत साध्या सभासदालाही फुकट मिळतं, आणि सभासदत्वालाही पैसे लागत नाहीत.

पॉइंट राहिले. मॅरियट बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला 10 पॉइंट देतं, प्लॅटिनमला त्यावर 50 टक्के जादा, म्हणजे 15. हे मूळ भाड्यावर मिळतात, करावर नाही. त्यांची किंमत काढायची सोपी रीत अशी: तुम्ही पुढे खरोखर जाणार आहात अशा एखाद्या ठिकाणचं हॉटेल घ्या, त्याच रात्रीचा पैशांतला भाव आणि पॉइंटमधला भाव पाहा आणि भागाकार करा. येईल ते उत्तर निम्मं करा. निम्मं का? पॉइंट उद्या वापरायचे असतात आणि त्यांचा उद्याचा भाव चेन ठरवते. कोणत्या हॉटेलाला किती पॉइंट याचा ठरावीक तक्ता हिल्टनने 2017 मध्ये काढून टाकला, मॅरियटने 2022 मध्ये. आता पॉइंटचा भाव रोजच्या मागणीप्रमाणे हलतो. अकोर या फ्रेंच चेनची रीत वेगळी आणि माझ्या मते प्रामाणिक: 2,000 पॉइंट म्हणजे बिलातले 40 युरो कमी. मोठं घबाड लागणार नाही, पण फसगतही नाही.

4. आता बेरीज-वजाबाकी

चलन बाजूला ठेवू आणि चेन हॉटेलाचा रात्रीचा भाव 100 धरू. तीन रात्री, म्हणजे 300. जवळच्या बिगरचेन हॉटेलाचा भाव 82, म्हणजे 246. दोन्हींत सगळे कर आले.

चेनमध्ये एकट्याचा नाश्ता रोज 6 वाचवतो: 18. पॉइंटची किंमत 24 आली, निम्मे केले: 12. शेवटच्या दिवशी चारपर्यंत खोली हवीच आहे, तिला 10 दिले. एकूण 40. म्हणजे चेन हॉटेल खरं पडलं 260 ला. अजूनही ते 14 ने महाग.

आता दोघं जण आहेत असं धरा. नाश्ता 36 झाला, लाभ 58 वर गेला आणि चेन हॉटेल पडलं 242 ला. निकाल उलटला! चेन 4 ने स्वस्त. एवढ्याशा फरकात मी स्टेटस असलेलं हॉटेल घेईन, कारण गर्दीच्या दिवशी ओव्हरबुकिंग झालं तर बाहेर पाठवायचं कुणाला, हे ठरवताना वरच्या सभासदाला हॉटेल सहसा हात लावत नाही.

पण हे चेन हॉटेल लांब असेल आणि रोज दोन फेऱ्यांना प्रत्येकी 4 लागत असतील तर? तीन दिवसांचे 24. दोघांचेही 266 झाले आणि निकाल पुन्हा उलटला. गाडीत गेलेला वेळ तर अजून मोजलेलाच नाही. आकडे तुमचे घाला, पण ही प्रवासाची ओळ कधीही गाळू नका. माझ्या त्या चार रात्रींच्या कागदावर ती नव्हती.

5. त्या हॉटेलाला लिहून विचारा

एक छोटा ईमेल पुरे: अमुक तारखांना लाउंज उघडं आहे का, कुठे दुरुस्तीचं काम चालू आहे का, माझ्या स्टेटसला नाश्ता रेस्टॉरंटमध्ये मिळतो की लाउंजमध्ये आणि किती जणांना, लेट चेकआउट आत्ताच नोंदवता येईल का. उत्तर आलं तर ते लेखी राहतं, रिसेप्शनवर दाखवता येतं. दोन दिवसांत उत्तरच आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

6. स्टेटस मिळवण्यासाठी मुद्दाम राहावं का?

क्वचित. मॅरियटला गोल्डसाठी वर्षाला 25 रात्री, प्लॅटिनमसाठी 50, टायटॅनियमसाठी 75 लागतात. हयातमध्ये ग्लोबलिस्टला 60, आयएचजीमध्ये प्लॅटिनमला 40 आणि डायमंडला 70. वर्षाला दहा-पंधरा रात्री बाहेर काढणाऱ्याने या मागे धावू नये. दहा रात्रींत मिळणाऱ्या सिल्व्हरला शहरातल्या हॉटेलात जाणवेल असं फारसं काही मिळत नाही. अशा माणसाने हवं ते हॉटेल घ्यावं आणि नाश्ता हवा असेल तर तो विकत घ्यावा.

चाळीसच्या पुढे रात्री होत असतील आणि त्या कंपनीच्या पैशांनी होत असतील, तर एका चेनला धरून राहण्यात अर्थ आहे. चेन निवडताना जाहिरातीतल्या लाभांआधी तुमच्या नेहमीच्या पाच-सहा शहरांत हव्या त्या भागात तिचं हॉटेल आहे का, ते पाहा. हयातच्या वरच्या स्टेटसचे लाभ उदार मानले जातात, पण मॅरियटची हॉटेलं जगभरात 9,000 हून जास्त आणि हयातची त्या मानाने फारच थोडी. जिथे हॉटेलच नाही तिथे ग्लोबलिस्ट काय कामाचं?

सगळ्यात वाईट म्हणजे डिसेंबरात दोन-तीन रात्रींसाठी गरज नसताना खोल्या घेणं. हे करायचंच असेल तर आधी लिहा: या स्टेटसने पुढच्या वर्षी मला किती नाश्ते आणि किती उशिराचे चेकआउट मिळणार, आणि ते मी खरंच वापरणार का. एक बारकावा मात्र उपयोगाचा आहे. मॅरियट आणि हयातमध्ये मिळवलेलं स्टेटस त्या वर्षाचा उरलेला काळ, पुढचं अख्खं वर्ष आणि त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकतं. म्हणजे रात्री वर्षाच्या सुरुवातीला भरल्या तर तेच स्टेटस जवळजवळ दोन वर्षं वापरता येतं आणि डिसेंबरात भरल्या तर चौदा महिने.

मॅचचाही विचार करा. एका चेनचं स्टेटस दाखवून दुसऱ्या चेनमध्ये काही महिन्यांसाठी तसंच स्टेटस मागता येतं, तिथल्या योजना चालू असतील तर. नव्या शहरात दीर्घ काम निघालं आणि तिथे दुसऱ्या चेनचं हॉटेल दाराशी असेल, तर मी आधी हेच करून पाहते.

7. रिसेप्शनवर

सभासद क्रमांक बुकिंगवर आहे ना ते विचारा. अपग्रेड 'मिळेल का' असं मोघम न विचारता नेमकं मागा: कोपऱ्यातली खोली, रस्त्यापासून लांब, लिफ्टपासून दूर. शहरात शांत खोली मोठ्या खोलीपेक्षा जास्त झोप देते आणि ती द्यायला हॉटेलाला काही लागत नाही. लेट चेकआउट तिथेच नोंदवून घ्या, नाहीतर शेवटच्या सकाळी अकराला दारावर टकटक होते. घरी परतल्यावर आठवड्याभरात पॉइंट आणि रात्री खात्यावर जमा झाल्या का ते पाहा. नसतील तर बिलाची प्रत जोडून चेनच्या साइटवर गहाळ मुक्कामाची मागणी नोंदवा. तोपर्यंत ते बिल फेकू नका.